पेट्रोल भरलं की गाडी सुरू होत नाही? आधी पर्ज व्हॉल्व्ह तपासा

प्रश्न : सर, धायरीहून लिहितेय. आमची पेट्रोल गाडी एरवी एका सेल्फमध्ये सुरू होते, पण पंपावर टाकी फुल्ल करून निघायचं म्हटलं की तीन-चारदा सेल्फ मारावा लागतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की भडभडत सुरू होते आणि थोडा वेळ पेट्रोलचा वास येत राहतो. चेक इंजिनचा दिवाही लागलाय. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर पी-०४४१ कोड आला, ते म्हणतात कॅनिस्टर-व्हॉल्व्ह सगळा सेटच बदला. आधी घरी काही तपासता येईल का?

उत्तर : येतं ताई, आणि तपासल्याशिवाय सेट अजिबात बदलू नका. कोड फक्त एवढंच सांगतो की वाफेचा प्रवाह जसा पाहिजे तसा नाहीये, कुठला पार्ट गेलाय ते तो सांगत नाही. टाकीतल्या पेट्रोलची वाफ बाहेर हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठवतात आणि इंजिन गरम झालं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पर्ज व्हॉल्व्ह उघडून ती वाफ इंजिनमध्ये ओढून जाळतो. करंट नसेल तेव्हा हा व्हॉल्व्ह बंदच असायला हवा. तुमची लक्षणं बघता तो उघडा अडकलाय असं मला वाटतं, कारण पेट्रोल भरताना टाकीतली वाफ कॅनिस्टरकडे ढकलली जाते, मधला दरवाजा उघडा असेल तर ती थेट इंजिनमध्ये शिरते, मग पेट्रोल जास्त हवा कमी आणि गाडी गळपटते.

सकाळी गाडी थंड असताना बॉनेट उघडा. पर्ज व्हॉल्व्ह बहुतेक गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डच्या जवळ असतो, दोन पाइप आणि वायरचा एक कपलर असलेला प्लास्टिकचा छोटा पार्ट. त्याचा कॅनिस्टरकडून येणारा पाइप काढा, गाडी सुरू करून आयडलिंगला ठेवा आणि व्हॉल्व्हच्या त्या उघड्या तोंडावर बोट धरा. बोट ओढल्यासारखं वाटलं तर व्हॉल्व्ह लीक आहे. काहीच ओढ नसेल तर गाडी गरम होऊ द्या, कोणालातरी रेस धरायला सांगा, २०००-२५०० आरपीएमच्या आसपास बोटाला थांबून थांबून ओढ लागली पाहिजे. तेव्हा टकटक आवाज येतो तो नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका.

पण खरी टेस्ट म्हणजे व्हॉल्व्ह काढून फुंकून बघणं. गाडी बंद करून, इंजिन थंड झाल्यावर काढा, नीट पुसा, स्वच्छ नळी लावून फुंका. ओढू नका, पेट्रोलची वाफ तोंडात जाते. करंट नसताना हवा आरपार जायला नको. मग गाडीपासून लांब, मोकळ्या हवेत, दोन वायरींनी १२ व्होल्ट दोन-तीन सेकंदच द्या, टक आवाज होऊन हवा जायला लागेल आणि वायर काढली की परत बंद. इथे खूप जण फसतात, टक वाजलं की व्हॉल्व्ह चांगला म्हणून परत बसवतात, पण आतल्या सीटवर, म्हणजे झडप जिथे टेकून बंद होते तिथे, कोळशाचा एक कण अडकला तरी टक वाजतंच आणि व्हॉल्व्ह मात्र पूर्ण बंद होत नाही. मल्टिमीटर असेल तर कॉइलचा रेझिस्टन्स बघा, बऱ्याच गाड्यांत १४ ते ३० ओहमच्या दरम्यान येतो, तुमच्या मॉडेलचा नक्की आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं, दाखवलं तर कॉइल गेली. आणि हो, हे सगळं करताना जवळपास सिगारेट, उदबत्ती काही नको.

आता व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर आपटून बघा. काळे दाणे पडले तर कॅनिस्टर आतून फुटलाय, नुसता व्हॉल्व्ह बदलून तो पुन्हा अडकेल, मग गॅरेजवाल्यांचं म्हणणं बरोबर आणि दोन्ही बदला. दाणे नसतील तर फक्त व्हॉल्व्ह, तो नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात मिळेल, जुना हातात घेऊन जा म्हणजे कपलर आणि पाइपची दिशा जुळते.

एक विचारतो, पंपावर नोझल कट झाल्यावर राउंड फिगर करायला अजून टाकून घेता का? त्याने पेट्रोल द्रवरूपातच कॅनिस्टरमध्ये उतरतं आणि कोळसा भिजून खराब होतो. कट झालं की थांबायचं, ४८ रुपये सुटे द्यावे लागले तरी.

प्रश्न : माझ्या गाडीतही हाच कोड आहे, पण पीयूसी पास झाली. मग एवढं काय बिघडलं? (वारजे)

उत्तर : पीयूसीवाला नळी सायलेन्सरमध्ये घालतो, टाकीतून उडणारी वाफ त्याच्या मशीनला दिसतच नाही. त्या वाफेची चाचणी नव्या मॉडेलला मंजुरी देताना होते, गाडी बंद खोलीत ठेवून किती वाफ सुटते ते मोजतात, बीएस-६ मध्ये मर्यादा आहे एका चाचणीला २ ग्रॅम. आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत ही सोय आहे. वाफेत बेंझीनसारखे घटक असतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात हीच वाफ धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडबरोबर मिळून जमिनीलगत ओझोन तयार करते. पुण्याच्या हवेची काळजी वाटत असेल तर हे दुरुस्त करून घ्याच.

प्रश्न : पार्ट येईपर्यंत कॅनिस्टरकडून येणाऱ्या पाइपला बूच मारून गाडी चालवली तर? (कात्रज)

उत्तर : तपासायला हरकत नाही, उलट बूच मारल्यावर पेट्रोल भरून गाडी लगेच सुरू झाली तर व्हॉल्व्हच लीक आहे हे जवळपास पक्कं. इनटेककडचं तोंडही बंद ठेवा, नाहीतर हवा ओढून आयडलिंग बिघडेल. दोन-चार दिवस चालेल, दिवा लागलेला राहील. त्याहून जास्त नको, कारण कॅनिस्टर रिकामा होत नाही आणि भरला की वाफ त्याच्या व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या तोंडातून, तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच सुटते.