बाळ साडेचार महिन्यांचं आणि ड्युटी साडेसातची

"दूध आटत चाललंय. सासूबाई म्हणतात पावडर आहेच की. मला वाटतं हे सत्रच सोडून द्यावं. काय करू?"

आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेली ही मुलगी सोलापूरकडची. बी.एस्सी. नर्सिंगचं सहावं सत्र, पोस्टिंग बाळंतिणींच्या वॉर्डात, बाळ साडेचार महिन्यांचं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नर्सिंग शिकताना आई झालेल्या मुलींच्या बाबतीत एक गोष्ट हटकून दिसते. वॉर्डात दिवसभर त्या दुसऱ्या बायकांना दूध काढायला शिकवतात आणि दुपारी एकला त्यांचा स्वतःचाच ॲप्रन पुढून भिजलेला असतो.

सत्र सोडायचं की नाही, हे पहिल्या भेटीत ठरवायचं नाही, एवढंच तिला आधी सांगितलं. महिनाभर सलग झोप न मिळालेल्या माणसाने घेतलेला निर्णय बहुधा थकव्याचा असतो. त्याऐवजी कालचा दिवस घड्याळाप्रमाणे लिहून काढला. साडेसहाला घर सोडलं, सव्वाचारला परत. मधल्या पावणेदहा तासांत छातीतून दूध एकदाही निघालं नाही. घरी अकरा आणि दोनला बाटलीने पावडरचं दूध. पाचला आणखी एक बाटली, कारण "ती दमून आलीय, जरा पडू दे". म्हणजे घरी असूनही संध्याकाळचं पाजणं गेलं.

दूध आटलं नव्हतं, त्याची मागणी घटली होती. स्तन तासन्‌तास भरलेले राहिले की दूध बनण्याला आपोआप लगाम बसतो, रिकामे होत राहिले की पुन्हा वाढतं. बाळाचं कार्ड पाहिलं तर गेल्या महिन्यात वजन 450 ग्रॅमने वाढलेलं, दिवसाला सहाच्या वर लंगोट ओले. बाळाचं पोट भरत होतं, म्हणजे घाईने काही करायची गरज नव्हती. वजन अडलेलं असतं, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं आणि पावडर कमी करायचं नावही काढलं नसतं.

आईपासून दूर असताना या वयाच्या बाळाला तासाला साधारण 25 ते 30 मिली दूध लागतं. पावणेदहा तासांचे झाले 250 ते 300 मिली, म्हणजे 90 मिलीच्या तीन वेळा. एवढं ऐकूनच तिचा चेहरा निम्मा सैलावला. तिच्या मनात लिटरभराचा आकडा होता!

ठरलं ते असं. सकाळी सहाला बाळाला पोटभर पाजून निघायचं, वॉर्डात साडेदहा आणि दीडला दूध काढायचं, आल्या आल्या पुन्हा पाजायचं. पाचची बाटली त्याच दिवशी बंद. बाकीच्या दोन एकदम तोडल्या नाहीत. काढलेलं दूध जसजसं वाढेल तसतसं पावडरचं कमी करायचं ठरलं.

पहिल्या दिवशी अर्ध्या तासात 20 मिली निघालं आणि ती रडत फोनवर. तिथे बहुतेक जणी हात टेकतात. चूक हाताच्या जागेची होती. ती स्तनाग्रालाच चिमटत होती. तिथे दूध नसतं, फक्त दुखतं. अंगठा वर आणि तर्जनी खाली, स्तनाग्रापासून तीन-चार सेंटिमीटर मागे ठेवायची. आधी छातीच्या दिशेने आत दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे दाबायची, मग सोडायचं. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत. पहिली एक-दोन मिनिटं थेंबच येतात, मग धार लागते. एका बाजूला तीन-चार मिनिटं, मग दुसरी, पुन्हा पहिली. सगळं मिळून वीस-तीस मिनिटं. आधी कोमट ओल्या कापडाने शेकून हलका मसाज केला तर धार लवकर लागते. आठवड्यानंतर एका बैठकीला 80 ते 100 मिली निघू लागलं.

दूध ठेवायचं कुठे हा पुढचा अडथळा. चार तास बाहेर टिकतं हे तिला पाठ होतं, पण तो हिशोब 25 अंशांचा. सोलापूरच्या एप्रिलात तो विसरायचा. झाकणाची छोटी स्टीलची डबी उकळून घ्यायची, डबीवर वेळ लिहायची आणि गोठवलेले दोन आइस पॅक घातलेल्या थर्मल पिशवीत ठेवायची. वॉर्डातल्या लसींच्या फ्रिजमध्ये ठेवू का, असं तिने विचारलं. नाही. त्यात लसींशिवाय काहीच ठेवत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं; अडचणीत माणूस विसरतो. घरी फ्रिजच्या दारात नको, आतल्या बाजूला मागे. आज काढलेलं दूध उद्या वापरायचं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही, डबी गरम पाण्याच्या वाटीत धरायची.

पाजायला बाटलीऐवजी बोंडलं, म्हणजे चोचीची छोटी वाटी. सासूबाईंना ते नवं नव्हतंच, माळ्यावर त्यांचंच पितळी होतं. पितळेत दूध नको म्हणून स्टीलचं आणलं. बाळाला मांडीवर उभट धरायचं, बोंडल्याचं टोक खालच्या ओठावर टेकवायचं आणि दूध ओतायचं नाही, बाळ स्वतः जिभेने घेतं. हे शिकवायला आईने थांबायचं नाही. आईचा वास आला की बाळ बोंडलं ढकलतं. तिसऱ्या दिवशी उरलेलं 40 मिली सासूबाईंनी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवलं. उष्टं दूध दोन तासांत टाकायचं, हे चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवल्यावर प्रश्न मिटला. तोंडी सांगितलं असतं तर सुनेने शिकवल्यासारखं झालं असतं.

वॉर्डात दोनदा वीस-तीस मिनिटं मागायची कशी? मातृत्व रजेचा कायदा नोकरदार बाईला लागू होतो, विद्यार्थिनीला नाही. म्हणून अर्ज कसा लिहिता यावर सगळं असतं. "लहान बाळ असल्याने सवलत मिळावी" अशा अर्जावर शेरा पडतो, होत काही नाही. तिच्या अर्जात तीनच मुद्दे होते: साडेदहा आणि दीडला दूध काढायला वेळ, कडी लागणारी एक खोली, आणि नाइट पोस्टिंग बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर. सोबत बाळाचा जन्मदाखला. प्राचार्यांची सही झाल्यावर प्रत क्लिनिकल इन्स्ट्रक्टरकडे दिली, कारण रोज हो-नाही म्हणणारी तीच.

हजेरीचा हिशोबही कागदावर आणला. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत 80 टक्के लागतात, पण पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलचे 100 टक्के तास भरावे लागतात. 160 तासांचं पोस्टिंग असेल तर 128 तासांवर परीक्षा देता येते. उरलेले 32 तास म्हणजे आठ तासांच्या चार ड्युट्या नंतर भरून द्यायच्या. बाळाला ताप आला की तिला वाटायचं, आता सगळं बुडालं. बुडत नाही, उधारी होते. ती लॉगबुकमध्ये तारखेनिशी लिहून सही घ्यायची. तोंडी "नंतर भर" यावर राहिलेल्या मुली शेवटच्या सत्रात अडकतात.

आमच्या पाहण्यात शिक्षण सुटतं ते दुधावरून क्वचितच. सांभाळणारी व्यक्ती आजारी पडते त्या दिवशी सुटतं. म्हणून दुसरं माणूस आधीच ठरवायला सांगितलं. शेजारच्या काकू निघाल्या. त्यांच्याकडे बाळाला आधी चार दुपारी, सासूबाई घरात असतानाच, दोन-दोन तास ठेवलं. गरज पडली तेव्हा घर आणि माणूस बाळाच्या ओळखीचं होतं.

न विचारलेली एक गोष्टही आम्हीच काढली. "अंगावर पाजतेय म्हणून दिवस जाणार नाहीत" हे तिने धरून ठेवलं होतं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, फक्त अंगावरचं दूध आणि दोन पाजण्यांत दिवसा चार, रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड नाही, हे सगळं जमलं तरच तो भरवसा. तिचा खंड पावणेदहा तासांचा. वॉर्डातल्याच मॅडमना विचारून तिने तांबी बसवून घेतली.

घरी आल्यावर कितीही रडारड असली तरी आधी ॲप्रन बाहेर, हात साबणाने 40 ते 60 सेकंद, मग बाळ. गाठ, लाल चट्टा आणि ताप आला तर पाजणं थांबवायचं नाही, त्या बाजूनेही नेहमीसारखं पाजत राहायचं आणि 24 तासांत उतार नसेल तर डॉक्टर. बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नाही, दोन आठवडे सतत रडू येतं असं झालं तर आम्हाला, किंवा कुठल्याही वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करायचा, हेही सांगून ठेवलं होतं.

पावडरचा डबा अठराव्या दिवशी बंद झाला. सत्र सोडायचा विषय त्यानंतर तिने काढला नाही, आम्हीही नाही. सहा महिने पूर्ण होताच नाचणीचं सत्त्व आणि मऊ खिमटी सुरू झाली, मीठ-साखर न घालता. त्याच महिन्यात पहिली नाइट लागली. रात्री पाजणं चुकतं म्हणून अकरा आणि तीनला दूध काढायचं ठरलं होतं. तीनला लेबर रूममध्ये केस आली, राहून गेलं. सकाळी छाती दगडासारखी झालेली. बाळाला ती नीट धरताच येईना, म्हणून आधी हाताने थोडं काढून स्तन मऊ केले, मग पाजलं. पुढच्या नाइटला तिने अडीचचाच गजर लावला.