नोंदवहीतले ते पान काढायचे का?

निगडीहून एका आईचे पत्र आले आहे. त्यातील आवश्यक तेवढा भाग येथे देत आहे.

"आमची मुलगी पुण्यातच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि आठ महिन्यांपासून भोसरीतील एका कंपनीत वेल्डिंगच्या जोडांची रेडिओग्राफी, म्हणजे किरणांनी आतले दोष टिपणारी तपासणी, करण्याच्या कामावर प्रशिक्षणार्थी आहे. मागच्या महिन्यात रात्रपाळीत क्रँक फिरवून सोर्स आत घेतल्यावरही कॅमेऱ्याचे कुलूप बसले नाही, पुन्हा फिरवावे लागले. असे दोनदा झाले. तिने ते नोंदवहीत लिहिले. वरिष्ठांनी सांगितले की ते पान काढून टाक, वरून चौकशी लागली तर लायसन्स जाईल आणि तुझेही नाव खराब होईल. ती ऐकायला तयार नाही. घराच्या कर्जाचा हप्ता तिच्या पगारावर चालला आहे. तुम्ही तिला दोन शब्द सांगावेत. या क्षेत्रात तिला पुढे काही आहे का, की बी.एड. करून मोकळे व्हावे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते लहान आहे. मुलीला शिकवण्याची आवड असेल तर बी.एड. जरूर करावे, पण एका वरिष्ठाच्या धाकाने क्षेत्र सोडायचे असेल तर करू नये. तिला दोन शब्द सांगण्याची तुमची विनंती मात्र, तुम्हाला अपेक्षित आहे त्या अर्थाने, मला पाळता येणार नाही. ते पान राहिले पाहिजे.

करिअरचा विषय थोडा बाजूला ठेवून आधी त्या कॅमेऱ्याबद्दल बोलते. ज्याला ही मुले कॅमेरा म्हणतात, ती खरे तर जड धातूचे कवच असलेली पेटी असते. तिच्यात केबलच्या टोकाला इरिडियम-192 या किरणोत्सर्गी धातूचा छोटासा सोर्स, म्हणजे किरणांचा उगम, बसवलेला असतो, जो क्रँक फिरवून नळीतून बाहेर वेल्डच्या जोडापर्यंत नेतात आणि शॉट, म्हणजे जोडाची प्रतिमा, घेऊन झाल्यावर परत कवचात ओढून घेतात. सोर्स पूर्ण आत आला की कुलूप बसते. कुलूप बसत नसेल तर कुलूप बिघडले असेल, किंवा सोर्स पूर्ण आत आलेला नसेल, किंवा केबलशी असलेली त्याची जोडणी ढिली झाली असेल. यांतले नेमके काय झाले आहे हे बाहेरून नुसते पाहून कळत नाही. सोर्स कवचात आहे की बाहेर, हे किरणोत्सर्ग मोजणारा सर्व्हे मीटरच सांगतो. म्हणून त्या कॅमेऱ्याची उत्पादकाकडून किंवा अधिकृत यंत्रणेकडून तपासणी होईपर्यंत तो वापरातून बाजूला ठेवलाच पाहिजे, तुमच्या मुलीने त्यावर शॉट घेऊ नये, आणि कोणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन तो "आपणच बघू" म्हणाले तर तिने तेथे उभेसुद्धा राहू नये. 1999 मध्ये पेरू देशात एका जलविद्युत प्रकल्पावर अशाच कॅमेऱ्यातून सुटलेला इरिडियमचा सोर्स एका वेल्डरने उचलून पॅन्टच्या मागच्या खिशात ठेवला, कारण तो धोकादायक आहे हे ओळखण्याजोगे त्यावर त्याला काही दिसले नाही. पुढे त्याचा पाय कापावा लागला. भोसरीच्या शेडमध्ये पहाटे झाडलोट करायला येणाऱ्या माणसालाही ते ओळखता येणार नाही.

आता नियमांकडे वळते. आपल्याकडे हे काम अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे 1983 मध्ये स्थापन झालेल्या एईआरबीच्या, देखरेखीखाली चालते आणि 2004 च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांत कोणी काय कळवायचे हे लिहिलेले आहे. कामगाराला अपघात किंवा संभाव्य धोक्याची परिस्थिती दिसली, तर त्याने ती परवानाधारकाला आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे आरएसओला, सांगायची असते. सोर्सचा अपघात झाला किंवा सोर्स हरवला, तर मालकाने 24 तासांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याला कळवायचे असते. आरएसओने धोक्याच्या प्रत्येक परिस्थितीचा अहवाल, तातडीने काय उपाय केले याच्या तपशिलासह, मालकाला द्यायचा असतो आणि त्याची एक प्रत थेट प्राधिकाऱ्याकडे पाठवायची असते. या शेवटच्या तरतुदीकडे मी तुमचे लक्ष मुद्दाम वेधते. नियम करणाऱ्यांनी मालकाच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसालाच सरकारकडे स्वतंत्र प्रत पाठवायला सांगितले, याचा अर्थ वरिष्ठ नको म्हणतील अशी वेळ येणार हे त्यांनी गृहीत धरले होते. तुमच्या मुलीने जे केले ती आगाऊपणाची गोष्ट नसून या साखळीची पहिली कडी आहे.

बिघाड वेगळा आणि सोर्स हरवणे वेगळे, किरकोळ बिघाडाचा एवढा बाऊ कशाला, असे तिचे वरिष्ठ म्हणतील. जानेवारी 2023 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका खाणीतून पर्थकडे ट्रकने नेलेल्या मापनयंत्रातील सीझियम-137 या किरणोत्सर्गी पदार्थाची कुपी वाटेत पडली. कुपी 8 मिलिमीटर उंच आणि 6 मिलिमीटर व्यासाची, म्हणजे तुरीच्या दाण्याहून थोडीच मोठी, आणि रस्ता सुमारे 1,400 किलोमीटरचा. यंत्र 25 जानेवारीला उघडले तेव्हा त्याचा एक बोल्ट गायब आणि स्क्रू निघालेले आढळले. कुपी 1 फेब्रुवारीला सापडली, तीही किरणोत्सर्ग मापक लावलेली वाहने रस्त्यावरून चालवून. हरवण्याची सुरुवात तेथे एका ढिल्या बोल्टपासून झाली असे मानले गेले. ज्याला आपण बिघाड म्हणतो तो पुष्कळदा हरवण्याचाच आधीचा मुक्काम असतो.

कळवलेच नाही तर काय होते, याचे सर्वांत कडू उदाहरण ब्राझीलमधील गोयानिया शहराचे आहे. एका खासगी कर्करोग उपचार केंद्राने जागा बदलली आणि सीझियम-137 असलेले उपचारयंत्र जुन्या इमारतीतच सोडले. परवाना देणाऱ्या यंत्रणेला तसे कळवणे बंधनकारक असूनही कळवले नाही. सप्टेंबर 1987 मध्ये दोघांनी ते भंगार म्हणून उचलले, आतली कुपी फुटली, अंधारात निळसर चमकणारी पूड शेजारीपाजारी वाटली गेली. 4 माणसे मरण पावली, 249 जणांवर किरणोत्सर्गी दूषण आढळले आणि 1,12,000 हून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. शेवटी भंगारवाल्याच्या पत्नीला संशय आला आणि ती ते अवशेष पिशवीत घालून आरोग्य कार्यालयात घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी एका भौतिकतज्ज्ञाने मापक उसना आणून तेथे नेला. त्या क्षणी अग्निशामक दलाचे लोक ती पिशवी नदीत टाकण्याच्या विचारात होते. त्याने त्यांना थांबवले. आपल्याकडेही एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात गेलेल्या कोबाल्ट-60 च्या यंत्राने एका माणसाचा जीव घेतला. मुलीच्या शिक्षणाचा उपयोग काय, असा प्रश्न तुमच्या पत्रात ओळींमागे आहे. गोयानियातील तो मापक घेऊन आलेला माणूस तिच्याच विषयाचा होता.

तिने बिघाड कळवावा की नाही हा प्रश्न माझ्या दृष्टीने येथे संपला. कसे कळवावे, यावर मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण या क्षेत्रात माणसाची किंमत त्यावर ठरते.

1985 ते 1987 या काळात थेरॅक-25 नावाच्या उपचारयंत्राने अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला. रुग्णालये तक्रार करत आणि असे होणे शक्य नाही असे उत्पादक सांगे. टेक्सासमधील टायलर येथे 1986 मध्ये दुसरा अपघात झाल्यावर तेथील रुग्णालयाचा भौतिकतज्ज्ञ आणि यंत्र चालवणारी तंत्रज्ञ यंत्रापाशी बसले. पडद्यावर दिसलेला "मालफंक्शन 54" हा संदेश तिला आठवत होता आणि आपण कोणती माहिती कोणत्या क्रमाने भरली, हेही आठवत होते. दोघांनी तीच माहिती पुन्हापुन्हा भरून पाहिली, तेव्हा लक्षात आले की चुकीची नोंद ठरावीक वेगाने दुरुस्त केली तरच तो दोष उमटतो. दोष हवा तेव्हा करून दाखवता येऊ लागल्यावर उत्पादकाला नाकारण्याची जागा उरली नाही. तुमच्या मुलीने कॅमेऱ्याचा दोष असा करून पाहू नये, ते मुळीच तिचे काम नाही. पण त्या तंत्रज्ञाने जसे लक्षात ठेवले तसे तिने लिहावे. "कॅमेरा खराब आहे" या वाक्यावर कोणी काही करू शकत नाही. दिनांक, वेळ, कॅमेऱ्याचा अनुक्रमांक, कितव्या शॉटनंतर कुलूप अडले, क्रँकला हात लावताना नेहमीपेक्षा वेगळे काय जाणवले, कॅमेऱ्याच्या तोंडाशी मीटरने किती दाखवले, नेहमी किती दाखवतो, तेथे कोण होते आणि लगेच काय केले, एवढे एका पानात आले तर त्या पानाला उत्तर द्यावेच लागते.

अमेरिकेतील नियमांत सोर्स हरवल्याच्या लेखी अहवालात काय असावे हे ठरवून दिले आहे, आणि तो क्रम मला शिकण्यासारखा वाटतो: कोणता पदार्थ, किती, कोणत्या स्वरूपात, कोणत्या परिस्थितीत हरवला, आता तो कोठे असण्याची शक्यता आहे, कोणाला किरणोत्सर्ग झाला असेल, शोधासाठी काय केले, पुन्हा घडू नये म्हणून काय करणार. ज्यांना किरणोत्सर्ग झाला असेल त्यांची नावे वेगळ्या, सुट्या करता येणाऱ्या पानावर द्यायची असतात, म्हणजे अहवाल दहा टेबलांवर फिरला तरी माणसांची नावे फिरत नाहीत. मोठ्या क्षमतेचा सोर्स हरवला तर कळताक्षणी दूरध्वनी, आणि लेखी अहवाल 30 दिवसांत. यंत्रातील गंभीर दोषासाठी तेथे 1974 च्या कायद्यावर आधारलेला वेगळाच नियम आहे: दोषाची माहिती कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्यापर्यंत पोहोचल्यावर दोन दिवसांत कळवायचे, आणि जाणूनबुजून न कळवणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःला दंड होऊ शकतो. हे नियम भोसरीला लागू नाहीत, पण चांगला अहवाल कसा असतो हे त्यांवरून कळते.

आता तिच्या वरिष्ठांविषयी. ते वाईट आहेत असे मी धरून चालत नाही. वेळेवर माल द्यायचा असतो, एक कॅमेरा बंद म्हणजे दोन रात्रींचे काम अडते, हे दडपण खरे आहे. चौकशी होणार नाही असे आश्वासनही मी देणार नाही. ती व्हायलाच हवी. नोकरीवर गदा येऊ शकते, हेही तुमच्यापासून लपवत नाही, आणि हप्त्याची तुमची काळजी मी हलक्यात घेत नाही. पण काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका मुलाची गोष्ट तुम्हाला सांगते. त्याच्यावर साधारण अशीच वेळ आली तेव्हा तो गप्प राहिला आणि रोजच्या तपासणीच्या रकान्यात "ठीक" लिहून सही करत गेला. पुढे बिघाड उघड झाला, तेव्हा कागदावर वरिष्ठांचा शब्द कोठेच नव्हता. सह्या त्याच्या होत्या.

म्हणून तिने पान फाडू नये, खाडाखोडही करू नये. वर सांगितलेल्या तपशिलांचे पत्र आरएसओच्या नावे लिहावे, प्रत परवानाधारकाला द्यावी आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. भाषा आरोपाची नको, निरीक्षणाची असावी. वरिष्ठ काय म्हणाले याचा उल्लेख या पहिल्या पत्रात करण्याची गरज नाही. कोणी काहीच केले नाही आणि कॅमेरा वापरातच राहिला, तर मुंबईच्या अणुशक्तीनगरमधील मंडळाच्या कार्यालयाला तेच पत्र पोच घेतलेल्या प्रतीसह पाठवण्यात संकोच करू नये. तिला मिळालेला किरणोत्सर्ग मोजणाऱ्या बॅजच्या तिमाही नोंदीही तिने मागून पाहाव्यात. अशा कामगारांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणोत्सर्गाचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात 30 आहे, आणि आपला आकडा विचारणे हा तिचा हक्क आहे.

पुढील वाटा मला तीन दिसतात. औद्योगिक रेडिओग्राफीतच राहायचे असेल तर भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन तिने आरएसओ व्हावे; चाकण, रांजणगाव, भोसरी या पट्ट्यात वेल्ड आणि ओतकाम तपासणारे लोक लागतच राहणार. दुसरी वाट रुग्णालयाची. भौतिकशास्त्रातील एम.एस्सी. नंतर भाभा केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आणि त्यानंतर रेडिओथेरपी विभागात वर्षभराची इंटर्नशिप केली की वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ म्हणून काम करता येते. तुमच्या पत्रावरून मुलीचा जो स्वभाव दिसतो त्याला मला ही वाट सर्वांत साजेशी वाटते, कारण तेथे रोज सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी यंत्र तपासून त्याची नोंद करणे हेच काम आहे आणि आकडा जुळला नाही तर उपचार थांबवण्याची अपेक्षा तिच्याकडूनच असते. तिसरी वाट भाभा केंद्राच्या प्रशिक्षण शाळेची, जिच्यासाठी गेट या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवरून मुलाखतीला बोलावतात आणि जिच्यातून काही जण पुढे नियामक मंडळातही जातात. एम.एस्सी.ला 60 टक्के आणि खुल्या प्रवर्गासाठी 26 वर्षांची वयोमर्यादा या अटींमुळे तिने ही वाट लांबणीवर टाकू नये. त्या वर्षीची जाहिरात मात्र स्वतः वाचावी.

यांपैकी कोणत्याही मुलाखतीत "एखादी असुरक्षित गोष्ट दिसली तेव्हा तुम्ही काय केले" असा प्रश्न आला, तर बहुतेक उमेदवार पुस्तकातले उत्तर देतील. तुमच्या मुलीकडे पोच घेतलेली प्रत असेल.

तिला घेऊन तुम्ही मला भेटायला जरूर या, तिन्ही वाटांचा खर्च आणि कर्जाचा हप्ता यांचे गणित आपण कागदावर मांडू. पण पत्राचा मसुदा मला दाखवण्यासाठी तिने थांबू नये. ते पत्र पुढच्या पाळीपूर्वी आरएसओच्या टेबलावर असावे.