गेजचे १६ हजार अडकलेत, आता वर २०,५०० भरू का?

प्रश्न आलाय आपल्या कोल्हापूरच्याच एका वाचकाचा. शिरोली एमआयडीसीत नोकरी, गाडी २०१६ ची पोलो जीटी टीएसआय. पोलोवाल्या ३१ जणांनी मिळून बूस्ट (टर्बोचा दाब), ऑइल प्रेशर आणि ऑइल टेम्परेचर असा तीन गेजचा, म्हणजे डॅशबोर्डवर लावायच्या जादा काट्याच्या मीटरचा, सेट खास बनवून घ्यायचं ठरवलं, डायलचा फॉन्ट आणि लाईट कंपनीच्या मीटरशी जुळणारा. सेट ३२ हजारांचा, निम्मे १६ हजार यूपीआयनं ऑर्गनायझरच्या खात्यात १४ महिन्यांपूर्वी गेले, माल चार महिन्यांत येणार होता. आता निरोप आलाय की खर्च वाढला, उरलेले १६ आणि वर साडेचार असे २०,५०० भरा, मगच फॅक्टरी माल सोडणार. एकजण ह्यांचा स्लॉट, म्हणजे ऑर्डरमधली ह्यांची जागा, ११ हजारांना घ्यायला तयार आहे. रेडिमेड ५२ एमएमचे तीन गेज सेन्सरसकट २४ हजारांना मिळतात पण ते "गाडीत उपरे दिसतात". क्रेडिट कार्डावर ४२ हजार थकलेत, ते वाचकांनी अगदी शेवटच्या ओळीत जाता जाता सांगितलंय. बोनसमधून २०,५०० भरू का, असा सवाल.

आधी एक सांगतो राव, नादाला नावं ठेवणाऱ्यातला मी नाही. गो-कार्टचा ट्रॅक असलेल्या गावात राहून गाडीच्या नादाला हसायचं म्हणजे अवघडच. आणि उशीर झाला म्हणजे लगेच फसवलं असंही नाही. तुम्ही शिरोलीत आहात, तुम्हाला मी काय सांगू, उद्यमनगरात साधं एक कास्टिंग नवीन करायचं म्हटलं तरी आधी पॅटर्न म्हणजे साच्याचा नमुना होतो, मग सॅम्पल, मग सॅम्पल नापास, मग परत. इथं तर डायलची छपाई, मागचा लाईट, काटा फिरवणारी स्टेपर मोटर, सेन्सरशी कॅलिब्रेशन एवढं सगळं जुळवायचं, तेही ३१ सेटसाठी, आणि एवढ्याशा ऑर्डरला कुठला कारखानदार मोठ्या गिऱ्हाइकाच्या आधी मशीनवर घेईल?

आता हिशोब. १६ हजार हा आकडा पाटीवरून पुसा. तो तुम्ही थांबलात तरी गेलाय, निघालात तरी गेलाय. तुमच्या हातात आज खरी वस्तू आहे ती म्हणजे स्लॉट, आणि त्याची किंमत ११ हजार. थांबायचं ठरवलं तर २०,५०० खिशातून जाणार आणि हे ११ हजारही सोडून द्यायचे, म्हणजे आजच्या घडीला तो सेट तुम्हाला ३१,५०० ला पडतो. रेडिमेड २४ ला. फरक ७,५०० चा, आणि तो नुसता फॉन्ट जुळण्याचा, वर माल येईल का नाही ही धाकधूक फुकट. तुम्हाला तो फॉन्ट साडेसात हजारांचा वाटत असेल तर वाटू दे, मी वाद घालणार नाही, पण आकडा डोळ्यासमोर असू दे.

तुम्ही लिहिलंय की एफडीत ठेवले असते तर व्याज तरी मिळालं असतं. ते व्याज ७ टक्क्यांनी १४ महिन्यांचं तेराशे रुपये हो, त्याचं काय एवढं! तुमचा खरा तोटा कार्डात आहे. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १६ हजारांवर महिन्याला ६६० रुपये. हेच पैसे तेव्हा कार्डात भरले असते तर १४ महिन्यांत सव्वानऊ हजार वाचले असते. गेज अजून आले नाहीत आणि त्यांच्यापायी बँकेचं एक गेज कधीच फिट झालंय.

म्हणून माझं मत, स्लॉट विका. पण घेणाऱ्याला वाढीव साडेचार हजार आणि चुकलेल्या तारखा सगळं लिहून सांगा, आणि नाव बदलल्याचं ऑर्गनायझरकडून लेखी घ्या, नाहीतर उद्या तो माणूस तुमच्या दारात. मग ते ११ आणि बोनसमधले २०,५०० दोन्ही कार्डात घाला, ४२ पैकी साडेदहा उरतात, ते दोन-तीन पगारात फिटतील. रेडिमेड गेजसुद्धा त्यानंतरच.

गिऱ्हाईक मागं फिरलं तर मात्र पूर्ण रक्कम आत्ता भरू नका. भिशीत निदान पैसा कुणाकडं आहे आणि पुढचा नंबर कुणाचा हे सगळ्यांना माहीत असतं, इथं ३१ जणांचे जवळपास पाच लाख एका माणसाच्या बचत खात्यात गेलेत आणि फॅक्टरीचं बिल कुणी पाह्यलेलं नाही. सगळ्यांनी मिळून बिल मागा, तयार सेटचा चालू अवस्थेतला व्हिडिओ मागा, आणि बाकी रक्कम माल कुरियरला पडल्यावर देऊ म्हणून सांगा. माणूस सरळ असेल तर त्यालाही हे सोयीचंच आहे, रोज ३१ जणांचे फोन घेऊन तोही वैतागला असेल.

यूपीआयनं स्वतःहून पाठवलेला पैसा कार्डासारखा डिस्प्यूट टाकून सहज परत येत नाही. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, तक्रारीचं कारण घडल्याच्या दिवसापासून २ वर्षांत तक्रार करता येते, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात म्हणजे इथंच. पण समोरचा धंदा करणारा आहे का तुमच्यासारखाच हौशी, नफा न घेणारा, ह्यावर केस फिरते. आता हायकोर्टाचं सर्किट बेंचही गावात आलंय म्हणा, पण १६ हजारांसाठी तिथवर जायची वेळ येऊ नये.

अजून दोन गोष्टी, कुठलेही गेज बसवलेत तरी. विम्यात ते इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून दाखवावे लागतात, प्रीमियम किमतीच्या ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २४ हजारांवर साधारण हजारभर रुपये वर्षाला. न सांगता वायरिंग कापलं आणि शॉर्ट होऊन गाडी पेटली तर क्लेमवेळी वाद ठरलेला. दुसरं म्हणजे तुमच्या गाडीत सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, त्याचं मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारं कंट्रोल युनिट, गेलं की बिल लाखाच्या घरात जातं, आणि तुमच्या पत्रात गाडीसाठी बाजूला ठेवलेला एक रुपया मला दिसला नाही. कार्ड मिटलं की महिन्याला तीन हजारांची आरडी ह्या एकाच कामासाठी चालू करा.

आणि त्या ११ हजारवाल्याला आजच फोन लावा. ऑर्गनायझरनं पुढची तारीख दिली असेलच, ती पण चुकली की तो ११ चे ५ म्हणेल.