बाबांना प्रार्थना जमत नसेल तर

प्रिय लेकी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज वाचला. असल्या गोष्टी फोनवर अर्धवट राहतात, म्हणून लिहायला बसले. सिंदफणेचं पाणी वावरात शिरलं, काढणीला आलेलं सोयाबीन गेलं आणि खालची मातीसुद्धा खरवडून नेली, हे मला कळलं होतं. पण तुझा प्रश्न पुढचा आहे. बाबा दर सुगीला दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, मंडळीला देत आले, मग देवानं असं का होऊ दिलं? त्यात उपासनेनंतर कुणीतरी तुला बाजूला घेऊन सांगितलं की घरात काही पाप दडलं असेल, ते शोधा.

हे पापाचं आधी उरकते, कारण त्याचा मला राग आला आहे. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढ. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का, हे येशूनंच विचारलं आणि ‘नाही’ हे उत्तरही त्यानंच दिलं. पुढे तो पश्चात्तापाबद्दल बोलतो, पण ते समोर उभ्या असलेल्या सगळ्यांना. मेलेल्यांकडे बोट दाखवून नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी मदतीच्या पथकात होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. कुणाच्या पापानं हे झालं, याची चर्चा तेव्हाही जोरात होती, सगळ्याच धर्मांत, आपल्यातही. माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर आल्यामुळे. मी ज्यांच्या जखमा बांधल्या त्यांत भजन करणारे होते, दारू पिणारे होते, पाळण्यातली लेकरंही होती. त्या लेकरांचं पाप शोधायला कुणाला सांगायचं?

आता दशमांश. मलाखी संदेष्ट्याचं ते वचन आपल्याकडे फार वापरलं जातं, देव आकाशाच्या खिडक्या उघडून आशीर्वाद ओतेल ते. तू लिहिलंस, ‘खिडक्या उघडल्या खऱ्या, पण सगळं वाहून नेलं.’ वाचून मला हसूही आलं आणि रडूही. असं बोलल्याबद्दल देव तुझ्यावर रागावला असेल, असं मला मुळीच वाटत नाही. पण दशमांश म्हणजे देवाकडे भरलेला पीकविम्याचा हप्ता, असं तुला कुणी शिकवलं असेल तर ते चुकीचं शिकवलं. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश कुणासाठी ठेवायचा ते सांगितलंय: लेवी म्हणजे देवाच्या सेवेतला, वाट्याला जमीन नसलेला माणूस, परका, अनाथ, विधवा. म्हणजे ज्याच्याकडे रान नाही किंवा रानात काही उरलेलं नाही, त्यानं पोटभर खावं म्हणून. तुझ्या बाबांनी इतकी वर्षं दिलं ते त्यासाठी. या वर्षी घेणारं घर तुमचं आहे. त्यात लाज कसली?

आपल्या भागातल्या जुन्या ख्रिस्ती घरांकडे बघ. जालन्याजवळ पाळक नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसांनी विश्वास धरला म्हणून त्यांच्यापुरता वेगळा पाऊस पडला नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी लहान होते. रोजगाराच्या कामावर खडी फोडायला आपलीही माणसं होती, आणि सुकडीच्या रांगेत कुणाची भूक विश्वासामुळे कमी झालेली मी पाहिली नाही. तरी रविवारी गाणी व्हायची. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात आहे तसं: अंजीर फुललं नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. फक्त हे विसरू नकोस की त्याच हबक्कूकचं पुस्तक तक्रारीनं सुरू होतं. मी किती वेळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस, असं तो देवाला थेट विचारतो. आपली माणसं शेवटचा अध्याय पाठ करतात आणि पहिला सोडून देतात.

देवावर भरवसा म्हणजे तोंड दाबून बसणं, असं मला वाटत नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी एक ओळही दिलाशाची नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ईयोबानं देवाला काय काय सुनावलं, आणि शेवटी देव रागावला तो त्याच्या मित्रांवर, जे देवाची बाजू घेऊन भाषणं देत होते. आणि वधस्तंभावर येशू स्वतः विचारतो, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? ज्याच्यावर भरवसा उरला नाही त्याला कुणी असं हाक मारून विचारत नाही. तू देवाशी भांड. फक्त भांडण त्याच्याशीच कर, त्याच्याकडे पाठ फिरवून नको. ‘का?’ याचं उत्तर मिळेल असं वचन मी देत नाही. मला माझ्या प्रश्नांची मिळालेली नाहीत.

आता बाबा. ते चर्चला येत नाहीत, घरी प्रार्थनेला बसत नाहीत, रात्रभर जागे असतात आणि जेवण अर्धं टाकतात, असं तू लिहिलंस. त्यांच्यामागे वचनं घेऊन लागू नकोस. सगळ्या गोष्टी मिळून कल्याणासाठी, हे रोमकरांस पत्रातलं वचन येणारा प्रत्येक जण त्यांना ऐकवत असेल. त्याच्या जरा आधी पौल लिहितो की आम्हाला प्रार्थना कशी करावी तेही कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः कण्हून आमच्यासाठी विनंती करतो. तेव्हा बाबांना नाही जमत तर नाही. त्यांच्या वाटची प्रार्थना चालू आहे.

एलिया संदेष्टा झुडपाखाली पडून देवाजवळ मरण मागत होता. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकरी दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खायला घातलं. तू सध्या एवढंच कर. ताट वाढून शेजारी बस. पंचनाम्याचे कागद, तलाठ्याकडचे हेलपाटे, बँकेची नोटीस हे तू आणि भाऊ वाटून घ्या. रानाचे फोटो काढले नसतील तर काढून ठेवा.

आणि हे सिस्टर म्हणून सांगते. फवारणीचं जे औषध घरात किंवा गोठ्यात असेल, ते आजच्या आज दुसऱ्याकडे नेऊन कुलपात ठेवा. विष घेतलेली किती माणसं मी वॉर्डात पाहिली. शुद्धीवर आल्यावर बहुतेक जण एकच म्हणायची, सिस्टर, मला वाचवा. हाताशी डबा नसता तर ती रात्र निघून गेली असती. बाबांना सरळ विचार, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाले तर त्यांना क्षणभरही एकटं सोडू नका आणि लगेच दवाखान्यात न्या. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. झोपेचं, मनाचं औषध घेणं हा अविश्वास नाही. लूक स्वतः वैद्य होता.

पाळकांशी मी बोलले आहे. रब्बीसाठी ज्वारी आणि हरभऱ्याचं बियाणं मंडळीकडून येईल, आणि माती टाकायला ट्रॅक्टर मिळतो का ते बघताहेत. नको म्हणू नका. पाप शोधायला सांगणाऱ्या बाई पुन्हा भेटल्या तर त्यांना माझा नंबर दे.

बुधवारी मी येते. बाबांना सांग, गप्पा मारायला येतेय, प्रार्थना घ्यायला नाही. औषधाच्या डब्यांचं मात्र बुधवारची वाट न बघता करून टाक आणि झालं की मला कळव.

तुझी,
सिस्टर मावशी