नारिंगी नंबर घरी का आणतात?

प्रश्न: ताई, माझा मुलगा सहा वर्षं ह्यूस्टनला आहे. यंदा मार्चमध्ये मी आणि हे पहिल्यांदाच गेलो, एवढा लांबचा प्रवास, अंग नुसतं आंबून गेलेलं, आणि हा पठ्ठ्या आम्हाला घरी न नेता रात्री साडेअकराला आधी व्हॉटाबर्गर नावाच्या दुकानात घेऊन गेला. घरी पाहते तर खिडकीत तिथलेच प्लास्टिकचे नारिंगी नंबर ओळीनं मांडलेले! चोरलेस का रे विचारलं तर नुसता हसला. बर्गर तर सगळीकडे मिळतो, मग याचंच एवढं काय? आणि आम्ही शाकाहारी माणसांनी तिथे खायचं काय? दिवाळीत परत जाणार आहोत. (एक आई, सांगली)

उत्तर: काकू, मुलावर रागावू नका, त्यानं तुम्हाला त्याच्या आवडत्या जागी सगळ्यात आधी नेलं एवढंच झालंय. नंबरांचं आधी सांगते. तिथे काउंटरवर ऑर्डर दिली की तंबूसारखी घडी असलेला एक नारिंगी नंबर हातात देतात, तो टेबलावर ठेवायचा, मग नंबर बघून ते खाणं आणून देतात. टेक्सासमधली पोरं आपल्या जन्मतारखेचा नाहीतर जर्सीचा नंबर मिळाला की खिशात घालून घरी आणतात, कॉलेजच्या खोल्यांमध्ये हे अगदी सर्रास दिसतं. मला विचाराल तर माल दुकानाचाय, उचलू नये, आणि हे तुम्ही त्याला आईच्या हक्कानं सांगा.

आता एवढी माया का. हे दुकान टेक्सासचं घरचंय. १९५० साली कॉर्पस क्रिस्टी या समुद्राकाठच्या गावात हार्मन डॉब्सन या माणसानं ते सुरू केलं, पाच इंची पाव, दोन्ही हातांनी धरावा लागेल एवढा, म्हणजे गिऱ्हाइकानं बघून ‘व्वा, काय बर्गर आहे!’ म्हणावं, आणि तेच नाव ठेवलं. डॉब्सनना विमानाचं वेड, १९६७ मध्ये विमान अपघातातच ते गेले आणि मग त्यांच्या पत्नी ग्रेस यांनी धंदा हातात घेतला, वाढवला. २००१ मध्ये तिथल्या विधिमंडळानं या दुकानाला टेक्सासचा ठेवा असं म्हटलं, आणि २०१९ मध्ये घराण्यानं मोठा हिस्सा शिकागोच्या कंपनीला विकला तेव्हा लोक अक्षरशः घरातलं कोणी परक्याला दिल्यासारखे हळहळले, ह्यूस्टनचा फुटबॉलपटू जे. जे. वॉट तर म्हणाला की चला, वर्गणी काढून परत विकत घेऊ. दुकानं आता हजाराच्या वर गेलीत.

पण मला स्वतःला ही माया कळली ती बर्गर खाऊन नाही, जुलै २०२४ मध्ये. मी बहिणीकडे ह्यूस्टनलाच होते, बेरिल वादळ आलं आणि शहर अन् आसपास मिळून वीस लाखांवर ग्राहकांची वीज गेली. ह्यूस्टनचा जुलै म्हणजे काय ते मुलाला विचारा, एसी बंद, भिंती गरम, बाळाचं दूध फ्रिजमध्ये खराब व्हायला लागलेलं, आणि कुठल्या भागात वीज आहे हे सांगणारा वीज कंपनीचा नकाशाच नाही. तेव्हा कोणीतरी डोकं चालवलं की व्हॉटाबर्गर चोवीस तास चालू असतं, म्हणजे त्यांच्या अॅपवरच्या नकाशात जे दुकान नारिंगी तिथे वीज आहे आणि जे राखाडी ते बंद! बहिणीनं अठरा टक्के चार्जिंग उरलेल्या फोनवर तो नकाशा उघडला, आमच्याभोवती सगळं राखाडी, वायव्येकडे तीन नारिंगी ठिपके, आणि आम्ही बाळाला घेऊन त्या दिशेनं निघालो. तिथे पोचलो तेव्हा दिवे चालू होते, आत गार होतं, आणि कोपऱ्यात प्लगाजवळ माणसं दाटीवाटीनं बसलेली. त्या दिवसापासून मी कोणाला ‘बर्गरच तर आहे’ असं म्हणत नाही.

शाकाहारी असाल तर बर्गर मांसाशिवाय मागा, चीज, हालापेन्यो मिरची आणि कांदा घालून, पावाला मोहरीची पिवळी चटणी असतेच. अंडं चालत असेल तर बटाटा-चीजचा टाकीटो घ्या, म्हणजे मऊ पोळीत गुंडाळलेलं, पण तो नाश्त्यात येतो आणि तिथला नाश्ता रात्री ११ ते सकाळी ११, म्हणून तर तुमच्या मुलाची वेळ बरोब्बर होती. तवा आणि तेल वेगळं असेलच असं धरू नका, विचारून घ्या. आणि त्यांचा तिखट केचप नक्की चाखा, आपल्या जिभेला चालतो.

प्रश्न: आपल्याकडे जंबो किंग आहे, जोशी वडेवाले आहेत, मग अशी माया त्यांच्यावर का दिसत नाही? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: दादा, दिसते हो, पुण्याबाहेर गेलेल्या पुणेकराला जोशी वडेवाल्यांबद्दल विचारून बघा. जंबो किंग २००१ मध्ये मालाडला सुरू झालं, त्याचीही लोकलवाली पिढी आहे. पण आपला जीव चेनपेक्षा एका जागेत जास्त अडकतो असं मला वाटतं, एक गाडी, एक कढई, एकच हात. कर्जतचा दिवाडकरांचा वडाच घ्या. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात कारण बोरघाट चढायला मागून ढकलणारं बँकर इंजिन लावावं लागतं, तेवढ्या वेळात खिडकीतून हात बाहेर, सुटे पैसे, आणि तेलानं पारदर्शक झालेल्या कागदात गरम वडा. वंदे भारतला बँकर लागत नाही आणि ती कर्जतला थांबतही नाही. माझे काका गेल्या वर्षी पहिल्यांदा तिनं पुण्याला आले, गाडी कशी होती विचारलं तर एसीचं नाही, सीटचं नाही, पिशवी खाली ठेवत म्हणाले, “कर्जत आलं आणि गेलं गं, थांबलीच नाही.”