वाचकांचे प्रश्न : ड्युटी परदेशात, बिऱ्हाड कुठे?

प्रश्न : मी गुहागरची, जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली परिचारिका. इंग्लंडमधल्या दोन सरकारी रुग्णालयांच्या ऑफर हातात आहेत. एक मध्य लंडनमधली, दुसरी उत्तरेकडच्या लहान शहरातली. लंडनमध्ये पगार जास्त आहे, शिवाय मावसभाऊ तिथेच असतो. तो म्हणतो, आमच्याकडेच राहा. यजमान आणि अडीच वर्षांची मुलगी सहा महिन्यांनी येतील. कुठे जावे?

उत्तर : आधी जास्तीच्या पगाराचा हिशेब करू. २०२५-२६ च्या श्रेणीनुसार बँड ५ च्या (म्हणजे नोंदणी झालेल्या परिचारिकेच्या सुरुवातीच्या पगारश्रेणीतल्या) परिचारिकेला सुरुवातीला वर्षाला ३१,०४९ पौंड मिळतात. मध्य लंडनच्या पट्ट्यात त्यावर २० टक्के भत्ता आहे, बाहेरच्या लंडनमध्ये १५ टक्के. २० टक्के म्हणजे महिन्याला साधारण ५१७ पौंड. त्यातून कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनची कपात झाली की हातात तीनशे ते साडेतीनशे उरतात. तिघांना पुरेल अशा घराच्या भाड्यातला फरक याच्या कितीतरी पुढे जातो. एकटीने खोली घेऊन राहायचे असते तर लंडनचा विचार करता आला असता. तुमच्यासाठी आम्ही लहान शहरच सांगू.

आणखी एक. ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण होऊन परिचारिका म्हणून नोंदणीचा क्रमांक (पिन) येईपर्यंत बहुतेक रुग्णालये खालच्या बँडचा पगार देतात. पहिल्या काही महिन्यांचे भाडे त्या पगारात बसले पाहिजे.

मावसभावाचे घर पहिल्या आठवड्याला उत्तम. पण कायमचे राहायचे ठिकाण नातेवाइकांवरून ठरवू नका, ड्युटीवरून ठरवा. तिकडे लाँग डे म्हणजे साधारण सकाळी साडेसात ते रात्री आठ, आणि अशा महिन्याला तेरा-चौदा ड्युट्या. लोक नकाशावर अंतर बघतात ते बुधवारी दुपारी, आणि 'चाळीस मिनिटे' वाचून खूश होतात. तुम्ही त्याच नकाशात 'रविवारी सकाळी सव्वासातला पोहोचायचे' आणि 'रात्री साडेआठला निघायचे' असे घालून बघा. लहान शहरांत रविवारची पहिली बस कित्येकदा ड्युटी सुरू झाल्यावरच सुटते. वस्तीची एसटी चुकली की काय होते ते गुहागरकरांना वेगळे सांगायला नको. तिकडे मात्र बस दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी चुकेल आणि टॅक्सीचे पैसे तुमच्या खिशातून जातील. अर्ध्या तासाची पायवाट किंवा न बदलता एकच बस, याच्या पलीकडचे घर स्वस्त असले तरी सोडा.

मुलीचेही याच घड्याळाशी जमवावे लागेल. पाळणाघरे बरीचशी साडेसात-आठला उघडतात, तेव्हा तुमचा हँडओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती घेणे, चालू असेल. म्हणजे सोडणे-आणणे यजमानांकडे. त्यांनी नोकरी धरताना वेळा तशा बघाव्यात. तिसऱ्या वाढदिवसानंतरच्या शालेय सत्रापासून पाळणाघराचे आठवड्याला १५ तास, वर्षातून ३८ आठवडे, मोफत मिळतात. तुमच्या व्हिसावर सरकारी मदत बंद असली तरी हे तास मिळतात. सुरुवातीला स्वतःसाठी खोली घ्याल तेव्हा करारात 'एकाच व्यक्तीसाठी' असे लिहिले आहे का ते वाचा. तसे असेल तर घरचे यायच्या आधी दुसरे घर बघावे लागेल.

प्रश्न : देवगडहून निघण्याआधीच इंग्लंडमधली खोली पक्की करावी का? घरमालक व्हिडिओ कॉलवर दाखवतो आणि दोन महिन्यांचे भाडे डिपॉझिट मागतो.

उत्तर : नको. रुग्णालयाला पहिल्या चार-सहा आठवड्यांच्या निवासाची सोय लेखी विचारा (बरीच रुग्णालये देतात) आणि खोली तिथे उतरल्यावर डोळ्यांनी बघून घ्या.

डिपॉझिटचा आकडा तर कायद्यातच बसत नाही. समजा भाडे महिना ६५० पौंड आहे. बाराने गुणा, ५२ ने भागा. आठवड्याला १५० झाले. खोली राखून ठेवण्यासाठी घरमालक फार तर एका आठवड्याचे, म्हणजे १५०, घेऊ शकतो. डिपॉझिट फार तर पाच आठवड्यांचे, ७५०. ते त्याने ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करून तुम्हाला तपशील द्यायचा असतो. मालक त्याच घरात राहत असेल तर डिपॉझिटचे हे संरक्षण नाही, तेव्हा ओळखीतल्या काकांकडे राहतानाही पावती घ्या. हे नियम इंग्लंडचे, स्कॉटलंडचे वेगळे.

बघायला जाल तेव्हा कपाट भिंतीपासून ओढून मागे हात फिरवा. आपल्याकडे आषाढात चपलांवर जी बुरशी येते तीच तिकडे जानेवारीत भिंतीवर येते. कारण मात्र उलटे. आपल्याकडे ओल बाहेरून येते, तिकडे ती घरातच तयार होते : भाताची वाफ, आंघोळ, रेडिएटरवर वाळत टाकलेले युनिफॉर्म. थंडीमुळे खिडकी बंद राहते आणि ती वाफ गार भिंतीवर जाऊन पाणी होते. बाथरूमचा पंखा लावून त्याच्या जाळीवर कागद धरा. कागद चिकटला नाही तर पंखा नुसता आवाजाचा. ताजा रंग फक्त एका कोपऱ्यात दिसला तर आधी काय होते ते विचाराच.

प्रश्न : कुडाळहून जर्मनीला जाते आहे. भाड्याचे दोन आकडे का सांगतात?

उत्तर : काल्टमीटे म्हणजे नुसते भाडे. वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, इमारतीचा खर्च धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहूनही वेगळे. हिशेब वार्मवर करा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, आणि ते तीन मासिक हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे.

जाहिरातीत स्वयंपाकघर असल्याचा उल्लेख नसेल तर तिथे नुसते नळ आणि वायरी असण्याची शक्यता धरा. ओटा, सिंक, शेगडी सगळे भाडेकरूने आणायचे. सुरुवातीला स्टाफ हॉस्टेल किंवा भागीदारीतली खोली बरी. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते आणि त्याला मालकाच्या सहीचा दाखला लागतो. तो द्यायला मालक तयार नसेल तर घर घेऊच नका. नोंद नाही तर कर क्रमांक नाही, आणि तो नसला की पगारातून जादा कर कापला जाऊ शकतो.

प्रश्न : दुबईच्या रुग्णालयात नोकरी, पण शारजात भाडे कमी. राहावे का? (दापोली)

उत्तर : रुग्णालयाची बस शारजापर्यंत येत असेल तरच. त्या रस्त्यावरच्या सकाळच्या कोंडीत बारा तासांच्या ड्युटीचे चौदा-पंधरा होतात. दुबईत घर घेतलेत तर वर्षाचे भाडे काही धनादेशांत विभागून द्यायचे असते. जितके कमी धनादेश तितकी घासाघीस सोपी. वीज-पाण्याचे डिपॉझिट फ्लॅटला २,००० दिरहम. आणि ऑफर लेटरमध्ये घरभत्ता वेगळा किती, मूळ पगार किती, हे आत्ताच बघा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांच्या पगाराइतकी, फक्त मूळ पगारावर मोजतात. भत्ता फुगवून मूळ पगार बारीक ठेवला असेल तर सही करण्याआधी बोला.