डॉक्टर आईला सोडून भावाशीच बोलतात

प्रश्न : ताई नमस्कार. माझी आई लहानपणापासून बहिरी आहे, साइननी, म्हणजे हाताच्या खुणांनी बोलते. वडील नाहीत, मी पुण्यात जॉबला, त्यामुळे सोलापुरात दवाखान्यात तिच्यासोबत धाकटा भाऊच जातो, सातवीत आहे तो. मागच्या आठवड्यात एका खासगी हॉस्पिटलात गर्भाची पिशवी काढायची म्हणून सांगितलं, तेही भावालाच, आणि कागदावर आईची सही घेतली. आईला वाटतंय पोटातली गाठ तेवढी काढणारेत. भावाला लाजेनं नीट सांगताच आलं नाही. काय करू?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : आधी डॉक्टरांना फोन करून विचार, ऑपरेशन थांबू शकतं का, आणि थांबत असेल तर तारीख पुढे घे. पिशवी जाणार हेच आईला माहीत नाही तर त्या सहीला काय अर्थ आहे गं? सुप्रीम कोर्टाचा २००८ चा एक निकाल आहे, त्यात बाई भुलीखाली असताना तिच्या आईचा होकार घेऊन पिशवी काढली होती, कोर्टानं तो होकार मानला नाही, कारण सज्ञान बाईचा होकार तिनं स्वतःच द्यायचा असतो. तुझी आई तर शुद्धीत समोर बसलेली होती!

आणि भावाला यातून मोकळं कर. पाळी, पिशवी, गाठ कसली आहे हे सातवीतल्या पोरानं आईला समजवायचं, ही अपेक्षाच चुकीची आहे, त्याला कुणी रागावू नका. मूकबधिर शाळेत साइन येणाऱ्या बाई असतात, शाळेत जाऊन विचार, एखाद्या येतील का सोबत. आईची साइन घरातलीच असेल तर मावशी किंवा मैत्रीण, नाहीतर तू व्हिडिओ कॉलवर. पण डॉक्टरांनी बघायचं आईकडे, बोलायचं आईशी.

डॉक्टर म्हणतील लिहून देतो. पण जी साइनमध्येच वाढली तिला लिहिलेली मराठी बऱ्याचदा दुसऱ्या भाषेसारखी असते, "गर्भाशय" वाचून कळेलच असं नाही, चित्र काढून दाखवायला सांग. ओठ बघून कळेल म्हणावं तर "पोट" आणि "बोट" ओठांवर सारखंच दिसतं, आणि मास्क लावला की तेवढंही गेलं.

ॲडमिट करताना सिस्टरना सांगून ठेव, सलाईनची सुई आई ज्या हातानं जास्त साइन करते त्या हाताला नको, नाहीतर तिचं बोलणंच बंद. सोनोग्राफीच्या खोलीत अंधार असतो, श्वास कधी धरायचा कधी सोडायचा ते खांद्यावर थोपटून सांगायचं, आधीच ठरवून घ्या. आणि फाइलवर मोठ्या अक्षरात लिही, "ऐकू येत नाही, समोर येऊन बोला", म्हणजे ओपीडीत नाव पुकारून पुढचा पेशंट आत घेणार नाहीत.

हे उपकार म्हणून मागू नकोस. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २५, त्यात सरकारी आणि खासगी दोन्ही हॉस्पिटलांत अडथळ्याविना सेवा आणि तपासणीत प्राधान्य आहे, आणि अडथळ्यात संवादाचा अडथळाही येतो. तरी ऐकत नसतील तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार कर.

प्रश्न : आमचे मालक तीस वर्षं यंत्रमागावर होते. ऐकू येतं म्हणतात पण समजत नाही, डॉक्टरांपुढे नुसती मान हलवतात, घरी आलं की गोळ्यांचा घोळ. मोठ्यानं बोललं की चिडतात.
– अशोक चौक

उत्तर : ओ वहिनी, चिडणारच ते. मागाच्या खडखडाटानं आधी बारीक, उंच आवाज ऐकू यायचे बंद होतात, स, श, फ असली अक्षरं निसटतात, त्यामुळे बोलतंय कळतं पण काय बोलतंय ते नाही, आणि ओरडून बोललं तर शब्द अजूनच फाटतो. समोर बसून, उजेडात, जरा सावकाश बोला. मोबाईलवर गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब घ्या, समोरच्यानं मराठीत बोललेलं स्क्रीनवर लिहून येतं. कानाच्या डॉक्टरांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या, कानाचं मशीन लागतंय का ते त्यात कळेल. आणि डॉक्टरांना सांगा, "कळलं का?" विचारू नका, कोणती गोळी कधी घ्यायची ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, मान हलवून मग भागत नाही.